ग्राहकाचे पैसे कटले, पण ऑर्डर आलीच नाही : ब्राउझरच्या अपडेटनंतर वेबसाइटचं लॉगिन का तुटतं?



२०२० चा ऑगस्ट महिना. गणपती तोंडावर आलेले, लॉकडाऊनमुळे बाजारपेठा धड उघड्या नाहीत, आणि आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा सकाळी साडेसातला फोन. ताई घरगुती पंचखाद्य, तळणीचे मोदक, मेतकूट असं बनवून कुरिअरने पाठवतात. एरवी प्रदर्शनात स्टॉल लावायच्या, त्या वर्षी सगळी भिस्त वेबसाइटवर. रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "सर, लोकांचे पैसे कटताहेत आणि माझ्याकडे ऑर्डरच दिसत नाहीये. एका बाईंनी तर मला फ्रॉड म्हटलं हो."

मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. साइट चालू आहे? आहे. पेमेंट गेटवेचे पैसे भरलेत? भरलेत. साइटमध्ये काही बदल केला? गेल्या चार महिन्यांत कोणी हातही लावलेला नाही. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, मी आत्ता स्वतः ऑर्डर टाकून बघितली. माझ्याकडे व्यवस्थित चालतंय."

आणि खरंच त्याच्याकडे चालत होतं! खोटं कोणीच बोलत नव्हतं. ताईंनी काही बदललं नव्हतं, मुलाने काही बदललं नव्हतं, गेटवेनेही काही बदललं नव्हतं. बदलला होता तो ग्राहकाच्या मोबाइलमधला क्रोम ब्राउझर. रात्री चार्जिंगला लावलेला असताना, गुपचूप.

व्हिडिओत हा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला होता. पण यामागचं कारण नीट समजून घेतलं तर पुढे तुमचे बरेच पैसे आणि त्याहून जास्त तुमचं नाव वाचेल, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. टेक्निकल वाटेल म्हणून सोडून देऊ नका. चपलांच्या स्टँडवर ज्याने कधी चप्पल ठेवली आहे, त्याला हे कळेल.

कुकी म्हणजे चपलेचा बिल्ला

देवळाबाहेर आपण चपला ठेवतो, तो माणूस हातात पत्र्याचा एक बिल्ला देतो. बिल्ल्यावर फक्त नंबर. तुमचं नाव नाही, गाव नाही. परत आलात, बिल्ला दाखवला, की तो बरोबर तुमच्याच चपला काढून देतो. बिल्ला हरवला तर? मग तुम्ही कितीही सांगा, "अहो, मघाशी मीच ठेवल्या होत्या." तो म्हणणार, "असेल, पण बिल्ला?"

वेबसाइटचं लॉगिन अगदी असंच चालतं. वेबसाइटला स्वतःहून कोणी लक्षात राहत नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तिच्यासाठी तुम्ही पुन्हा अनोळखी. म्हणून तुम्ही मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन केलंत की साइट तुमच्या ब्राउझरकडे एक बिल्ला देते. त्याला म्हणतात कुकी. पुढे प्रत्येक पान उघडताना ब्राउझर तो बिल्ला आपणहून दाखवतो. तुमची पिशवी, म्हणजे कार्ट, सुद्धा त्या बिल्ल्याच्या नंबरावरच ठेवलेली असते.

आता यातली गोम बघा. बिल्ला दाखवायचं काम तुम्ही करत नाही, ब्राउझर करतो. आणि हा ब्राउझर वर्षानुवर्षं दुकानातल्या भोळ्या पोऱ्यासारखा होता. खिशात सगळे बिल्ले घेऊन फिरणार आणि कोणीही काम सांगितलं तरी ऐकणार. समजा, तुम्ही एका खिडकीत बँकेच्या साइटवर लॉगिन केलं आहे. दुसऱ्या खिडकीत कुठलीतरी फालतू लॉटरीची साइट उघडली. त्या साइटने पोऱ्याच्या हातात गुपचूप एक कागद दिला, "जा, हा बँकेच्या काउंटरवर दे." कागदावर लिहिलंय, अमक्याच्या खात्यात पैसे पाठवा. पोऱ्या गेला, कागद दिला आणि सवयीप्रमाणे तुमचा बिल्लाही दाखवला. बँकेला वाटणार, बिल्ला खरा आहे, म्हणजे मालकानेच पाठवलंय.

ही कल्पित गोष्ट नाही. या हल्ल्याला सीएसआरएफ म्हणतात आणि वेबच्या जुन्या, माहितीतल्या दुखण्यांपैकी तो एक आहे. चांगल्या साइट आपापल्या परीने त्यावर बंदोबस्त करायच्या, बाकीच्या रामभरोसे.

फेब्रुवारी २०२० मध्ये काय झालं

बंदोबस्त ब्राउझरनेच करावा, या विचारातून कुकीला एक सूचना जोडायची सोय आली, तिचं नाव सेमसाइट. बिल्ल्यावरच लिहून ठेवायचं की हा कधी दाखवायचा. तीन प्रकार आहेत. स्ट्रिक्ट म्हणजे बाहेरच्या साइटने पाठवलं असेल तर अजिबात दाखवायचा नाही. लॅक्स म्हणजे बाहेरून कोणी नुसती लिंक दिली आणि माणूस चालत आला, तर दाखवायचा; पण बाहेरच्याने हातात भरलेला फॉर्म देऊन पाठवलं, तर दाखवायचा नाही. आणि नन म्हणजे पूर्वीसारखं, कोणीही पाठवलं तरी दाखवायचा.

सोय चांगली होती, पण वापरत कोण होतं? बहुतेक साइटच्या बिल्ल्यांवर काहीच लिहिलेलं नसायचं. आणि काही लिहिलेलं नसेल तर ब्राउझर त्याचा अर्थ "कोणालाही दाखव" असा घ्यायचा. ४ फेब्रुवारी २०२० ला क्रोम ८० आला आणि गूगलने हा अर्थच उलटा करायचं ठरवलं. काही लिहिलेलं नसेल तर लॅक्स समजायचं. आणि ज्याला नन हवं असेल, त्याने तसं स्पष्ट लिहायचं, शिवाय साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलपाच्या कनेक्शनवरच हवी.

बदल टप्प्याटप्प्याने लागू करायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात कोविड आला. ३ एप्रिलला गूगलने जाहीर केलं की हा बदल तात्पुरता मागे घेतोय, कारण अशा काळात बँका, किराणा, सरकारी सेवा, दवाखाने यांच्या साइट बंद पडायला नकोत. मग १४ जुलैपासून तो पुन्हा हळूहळू सुरू केला. जुलैच्या मध्याला सुरू, सगळ्यांपर्यंत पोचायला पुढचे काही आठवडे. आमच्या ताईंचा फोन ऑगस्टमध्ये का आला, ते आता कळलं ना?

ताईंच्या साइटवर नेमकं काय तुटलं, ते पायरीपायरीने बघा. ग्राहक लॉगिन करतो, मोदक पिशवीत टाकतो, "पैसे भरा" दाबतो. तो ताईंच्या साइटवरून पेमेंट गेटवेच्या साइटवर जातो. तिथून बँकेच्या पानावर किंवा यूपीआय ॲपवर. पैसे कटतात. मग गेटवे ग्राहकाला ताईंच्या साइटवर परत पाठवतो. कसा पाठवतो? "पेमेंट झालं, इतके रुपये, हा नंबर" असा भरलेला फॉर्म हातात देऊन. ही पद्धत आपल्याकडे अनेक गेटवे वापरत होते, त्यात वावगं काही नव्हतं.

पण आता नवा क्रोम म्हणतो, थांबा, बाहेरच्या साइटने फॉर्म देऊन पाठवलंय. बिल्ल्यावर काही लिहिलेलं नाही, म्हणजे लॅक्स. दाखवायचा नाही.

ग्राहक ताईंच्या दारात उभा आहे, हातात पेमेंटची पावती आहे, पण बिल्ला नाही. साइट विचारते, "आपण कोण?" आणि ग्राहकासमोर लॉगिनचं पान उघडतं. ऑर्डर ज्या पिशवीच्या नंबरावर नोंदवायची ती पिशवी साइटला सापडतच नाही, म्हणून ऑर्डर नोंदलीच जात नाही. आणि गेटवेच्या हिशोबात मात्र पेमेंट शंभर टक्के यशस्वी! त्यामुळे ते आपोआप परत जाण्याचाही प्रश्न नाही. ग्राहकाला ताई चोर दिसणार, दुसरं काय दिसणार?

"माझ्याकडे चालतंय" का?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो आणि डेव्हलपरशी होणारी निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

बदल करताना गूगलला कल्पना होती की असे फॉर्मवाले व्यवहार मोडतील. म्हणून त्यांनी तात्पुरती म्हणून एक सवलत ठेवली. बिल्ला दिल्यापासून दोन मिनिटं झाली नसतील, तर फॉर्म घेऊन आलेल्यालाही तो दाखवू द्यायचा. फक्त दोन मिनिटं.

आता बघा, वेबसाइटवाला मुलगा तपासणी कशी करतो? नवी खिडकी उघडली, लॉगिन केलं, पहिली वस्तू टाकली, आधीच सेव्ह असलेल्या कार्डाने पैसे भरले. दीड मिनिटात काम झालं. बिल्ला ताजा, सवलत लागू, ऑर्डर नोंदली. "सर, चालतंय!"

आणि खरा ग्राहक? तो मोदक बघणार, मग मेतकूट बघणार, बायकोला विचारणार, सासूबाईंना फोन करणार, पत्ता टाकताना पिनकोड शोधणार, मग ओटीपी येईना म्हणून मोबाइल घेऊन गॅलरीत जाणार. पंधरा मिनिटं कुठे गेली पत्ता नाही. बिल्ला शिळा, सवलत संपली, ऑर्डर गायब.

शिवाय आयफोनवर सफारी वापरणाऱ्यांच्या ऑर्डरी व्यवस्थित येत होत्या, कारण हा बदल क्रोमचा होता. त्यामुळे ताईंना वाटायचं की हे मधूनच होतंय, नशिबाचा भाग आहे. नशीब वगैरे काही नव्हतं. मी जेव्हा त्या मुलाला म्हटलं, "लॉगिन कर, पाच मिनिटं चहा पी, मग पैसे भर," तेव्हा पहिल्याच फटक्यात त्याच्याकडेही तुटलं.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीने केलेला घोळ

त्या मुलाने इंटरनेटवर शोधून अर्ध्या तासात उपाय केला. बिल्ल्यावर सेमसाइट नन असं लिहून टाकलं. क्रोमवरच्या ऑर्डरी धडाधड यायला लागल्या. ताईंनी मला पेढ्याचा फोटो पाठवला.

तिसऱ्या दिवशी नवी तक्रार. आता काही आयफोनवाल्यांच्या ऑर्डरी गायब! कारण आयओएस १२ मधल्या सफारीला नन हा शब्द कळत नव्हता आणि न कळल्यावर ती त्याचा अर्थ स्ट्रिक्ट असा घ्यायची, म्हणजे बरोबर उलटा. आयफोन ५एस आणि आयफोन ६ हे आयओएस १२ च्या पुढे जातच नाहीत, आणि असे फोन त्या वेळी बऱ्याच घरांत होते, मुलाने नवा घेतला की जुना आईवडिलांकडे येतो तसे. जुन्या यूसी ब्राउझरलाही ननचा त्रास होता. म्हणजे एका ब्राउझरच्या बदलासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ब्राउझरला जाचक. वेबसाइटच्या धंद्यात हे नेहमीचं आहे, म्हणून "एक ओळ बदलली की झालं" असं कोणी म्हणालं की मी जरा सावध होतो.

खरा उपाय वेगळाच होता आणि तो आधीपासूनच करायला हवा होता. पैसे आले की नाही हे कळण्यासाठी ग्राहकाच्या ब्राउझरवर अवलंबून राहायचंच कशाला? ग्राहकाचा मोबाइल पेमेंटनंतर बंद पडू शकतो, नेट जाऊ शकतं, तो खिडकीच बंद करू शकतो. म्हणून जवळपास सगळे गेटवे एक सोय देतात, वेबहुक. पेमेंट झालं की गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, मध्ये ग्राहक नाही, त्याचा ब्राउझर नाही, बिल्ला नाही. ग्राहकाला बँकेत पाठवायच्या आधीच ऑर्डर "पैसे येणं बाकी" म्हणून नोंदवायची, तिला नंबर द्यायचा आणि गेटवेचा निरोप त्या नंबराने आला की "पैसे आले" करायचं. एकच काळजी घ्यायची, तो निरोप खरंच गेटवेचा आहे का हे त्यावरच्या डिजिटल सहीवरून तपासायचं. नाहीतर कोणीही भामटा "पैसे आले" असा निरोप धाडेल आणि तुम्ही मोदक पाठवून मोकळे.

ताईंनी पुढचे दोन दिवस काय केलं तेही सांगतो. गेटवेच्या डॅशबोर्डवरून यशस्वी पेमेंटची यादी काढली, स्वतःच्या ऑर्डरींशी एकेक जुळवली, आणि ज्यांच्या ऑर्डरी नोंदल्याच नव्हत्या त्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. "पैसे आलेत, चूक आमच्या साइटची आहे, काय मागवलं होतं ते सांगा, नाहीतर लगेच परत करते." फ्रॉड म्हणणाऱ्या बाईंना पहिला फोन. त्या बाईंनी पुढे दिवाळीलाही मागवलं. पण एक सांगतो, ही जुळवणी ताईंनी पहिल्या तक्रारीनंतर लगेच केली असती तर निम्मे फोन वाचले असते. ऑर्डरी आणि पेमेंट रोज संध्याकाळी जुळवायची सवय वेबसाइट असो वा नसो, ठेवाच.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही

ज्यांनी सरकारी ई-टेंडर भरलंय किंवा कंपनीची कागदपत्रं ऑनलाइन दाखल केलीत, त्यांना डिजिटल सहीचा तो पेन ड्राइव्हसारखा टोकन माहीत असेल. पूर्वी या सह्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावाच्या छोट्या प्रोग्रॅमने व्हायच्या. असे प्रोग्रॅम ब्राउझरच्या पोटात घुसून काम करायचे, म्हणून चोरांचाही तो आवडता दरवाजा होता. क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये ती सोय मुळात बंद करून ठेवली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम ४५ सोबत काढूनच टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तेच केलं. उरला इंटरनेट एक्स्प्लोरर, त्याला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निरोप दिला.

त्या काळात अनेक सीए आणि टेंडर भरणाऱ्यांच्या ऑफिसात एक जुनाट कॉम्प्युटर कोपऱ्यात जपून ठेवलेला असायचा. त्यावर कागद चिकटवलेला, "अपडेट करू नये." हसू नका, टेंडरची मुदत संध्याकाळी पाचची असते आणि सही चारला होत नाही, तेव्हा माणूस काहीही करतो. पण त्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं सुरक्षेची एकही दुरुस्ती बसलेली नाही आणि त्यालाच कंपनीच्या सहीचा टोकन लावलेला! घराला कुलूप आणि किल्ली दाराच्या कडीला लटकवलेली, असा प्रकार.

नंतर नवी पद्धत आली. तुमच्या कॉम्प्युटरवर सहीचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा आणि वेबसाइटने ब्राउझरमधून त्या प्रोग्रॅमशी बोलायचं. झालं, आता तरी सुटलो? नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रोम १४२ आला आणि त्याने नवा नियम आणला. एखाद्या वेबसाइटला तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमशी किंवा घरातल्या वायफायवरच्या राउटर, प्रिंटरशी बोलायचं असेल तर आधी तुमची परवानगी मागायची. नियम योग्यच आहे, कुठल्याही साइटने आपल्या घरात डोकावून राउटरची कडी वाजवू नये. पण होतं काय, अशी परवानगीची खिडकी आली की आपला हात आपोआप "ब्लॉक" वर जातो. "लोकेशन हवं" "नोटिफिकेशन हवं" या कटकटीने आपल्याला तशी सवयच लागलीय. मग टोकन लावलेला असूनही साइटला तो दिसत नाही, आणि आपण टोकन विकणाऱ्याला फोन करून भांडतो. असं झालं तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करा, त्या साइटच्या परवानग्या बघा, ही परवानगी चालू करून पान पुन्हा उघडा. मात्र साइट खात्रीची, तुम्ही स्वतः उघडलेली असेल तरच. ब्राउझरमधून बिलिंग करून थर्मल प्रिंटरवर बिल काढणाऱ्या दुकानदारांनीही हे लक्षात ठेवा.

जाता जाता, एकट्या माणसाची प्रोप्रायटरशिप असेल तर जीएसटी रिटर्नला डिजिटल सहीचा टोकन लागतच नाही, ओटीपीने काम होतं. ती सक्ती कंपनी आणि एलएलपीला आहे. काही जण उगाच टोकन घेऊन बसतात.

दुसऱ्याच्या दुकानातला बिल्ला

अजून एक प्रकार, पण थोडक्यात. तुमच्या साइटच्या पानात दुसऱ्या कंपनीची चौकट बसवलेली असते. क्लासची अपॉइंटमेंट बुकिंग, चॅट, व्हिडिओ कोर्सचा प्लेअर. त्या चौकटीत ग्राहक लॉगिन करतो, तेव्हा बिल्ला त्या दुसऱ्या कंपनीचा असतो. याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. जाहिरातवाले याच बिल्ल्यांच्या जिवावर आपला साइटोसाइट पाठलाग करतात, म्हणून ब्राउझरवाले त्यांच्या मागे लागले. सफारीने मार्च २०२० पासून त्या पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी वेगळा डबा केला, एका डब्यातला बिल्ला दुसऱ्या डब्यात चालत नाही. क्रोमची मात्र कथा लांबली. जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत बंद करू म्हणाले, मग तारखा पुढे पुढे गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये १ टक्का वापरकर्त्यांवर प्रयोग केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की सध्याची पद्धतच ठेवतोय.

म्हणून तुमचा ऑनलाइन कोर्स घेतलेली एखादी विद्यार्थिनी म्हणते, "सर, आयफोनवर लॉगिन केलं तरी पुन्हा लॉगिनच मागतंय," तेव्हा तिला पासवर्ड बदलायला सांगत बसू नका. पासवर्ड बरोबरच असतो. ती चौकट वेगळ्या खिडकीत उघडता येईल अशी लिंक द्या, बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो. आणि सेवा देणाऱ्या कंपनीला विचारा की बुकिंगचं किंवा कोर्सचं पान तुमच्याच डोमेनखाली चालवता येईल का.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, अपडेट बंद करू नका आणि ग्राहकालाही तसं सांगू नका. मी एका दुकानाच्या साइटवर "कृपया जुना ब्राउझर वापरा" अशी पाटी पाहिली आहे. ही म्हणजे हॉटेलवाल्याने गिऱ्हाईकाला "हात न धुता जेवा" म्हणण्यासारखी गोष्ट झाली.

क्रोमने २०२१ मध्ये नव्या आवृत्तीचं चक्र सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणलं. म्हणजे महिन्या-महिन्याला तुमच्या दुकानाचा दरवाजा कोणीतरी थोडासा बदलतोय असं समजा. हे मोठे बदल अचानक येत नाहीत, बरेच आधी जाहीर होतात. सेमसाइटचा बदल २०१९ च्या मे महिन्यातच जाहीर झाला होता! पण ते वाचणार कोण? तुम्ही नाही, मीही रोज वाचत नाही. ते काम डेव्हलपरचं. फक्त ते त्याचं काम आहे हे आधी ठरलेलं पाहिजे. आपण काय करतो, वेबसाइट बनवायचे पैसे देतो आणि विषय संपला समजतो. वर्षाचा देखभालीचा करार करा, भले छोट्या रकमेचा. त्यात लिहून घ्या की ब्राउझरच्या बदलामुळे लॉगिन किंवा पेमेंट तुटलं तर किती तासांत बघणार. तुमची साइट शॉपिफायसारख्या तयार प्लॅटफॉर्मवर असेल तर हा भार बराचसा त्यांच्यावर असतो. पण त्यात तुम्ही बाहेरून जोडलेलं प्लगइन किंवा कोणीतरी चिकटवलेला कोड असेल, तर त्याची जबाबदारी तुमचीच.

तक्रार आली की ग्राहकाला तीनच गोष्टी विचारा: कोणता फोन, कोणता ब्राउझर, आणि पैसे भरल्यावर समोर काय दिसलं त्याचा स्क्रीनशॉट. "साइट चालत नाही" एवढं डेव्हलपरला सांगून काही उपयोग नाही. "अँड्रॉइडच्या क्रोमवर पैसे भरून परत आल्यावर लॉगिनचं पान येतं, आयफोनवर येत नाही," असं सांगितलंत तर अर्धं निदान तुम्हीच केलंत. त्याला हेही विचारा की आपल्या साइटला वेबहुक लावलाय का, आणि लॉगिनच्या कुकीवर सेमसाइट स्पष्ट लिहिलंय का. पीएचपी ७.३ च्या आधी सेशनच्या कुकीवर ते लिहायची सरळ सोयच नव्हती, त्यामुळे साइट जुन्या पीएचपीवर असेल तर तो विषयही निघेल. उत्तर आलं "बघून सांगतो", तर समजा की लावलेलं नाही.

आणि स्वतः तपासा. महिन्यातून एकदा, सीझनच्या आधी तर नक्की. अँड्रॉइडवर क्रोममध्ये, कोणाच्या तरी आयफोनवर सफारीत, आणि लॅपटॉपवर. लॉगिन करा, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे वेळ काढा, मग खरे पैसे भरून ऑर्डर टाका. सेव्ह केलेल्या लॉगिनने नाही, नव्या माणसासारखं सुरुवातीपासून.

ताईंनी यासाठी साइटवर दहा रुपयांची एक वस्तू टाकून ठेवली आहे, नाव "टेस्ट, कृपया मागवू नये". दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः ती विकत घेतात. मागच्या वर्षी नाशिकच्या एका काकांनी ती खरंच मागवली. ताईंनी दहा रुपये परत केले, सोबत मेतकुटाचं एक पाकीट पाठवलं, आणि आता काका दर दोन महिन्यांनी अर्धा किलो मेतकूट मागवतात.